कोट्टे येथील चाळीस मिनिटे

श्रीलंकेच्या सहलीतला शेवटचा दिवस टूर मॅनेजरच्या दृष्टीने सर्वांत सोपा आणि सर्वांत धोक्याचा असतो. सोपा अशासाठी की सीता एलियाचे मंदिर, नुवारा एलियाचे चहाचे मळे आणि कँडीचे दंतमंदिर हे सारे उरकलेले असते आणि कोलंबोतला फेरफटका, खरेदी व विमानतळ एवढेच शिल्लक राहते. धोक्याचा अशासाठी की आठवडाभर एकमेकांना सांभाळून घेतलेली माणसे नेमकी त्या दिवशी खरेदीच्या वेळेवरून भांडतात. करोनाची आणि त्यानंतरच्या आर्थिक पडझडीची वर्षे सोडली, तर अकरा वर्षे मी मराठी प्रवाशांचे गट घेऊन या बेटावर येत आहे. निवडणूक आणि युद्ध हे दोन विषय बसच्या माइकवर आणायचे नाहीत, हा मी स्वतःपुरता घालून घेतलेला नियम आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाला जोडून आलेल्या सुट्टीतल्या सहलीत, तो मीच मोडला.

गटात अठ्ठावीस जण होते. त्यांत सातारा जिल्ह्यातले, महार रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ पत्नीसह आले होते. ते कधी उशीर करत नसत, जेवणाबद्दल तक्रार करत नसत आणि फोटोसाठी उभे राहत नसत, त्यामुळे सहा दिवस त्यांच्याकडे माझे फारसे लक्षही गेले नव्हते. कँडीच्या हॉटेलात रात्री मी दुसऱ्या दिवशीची व्हाउचर तपासत बसलो असताना ते समोर येऊन उभे राहिले. "दादा, कोलंबोत आमच्या पोरांच्या नावांची भिंत हाय म्हणत्यात. एप्रिलमध्ये पंतप्रधान तिथं गेल्याले, टीव्हीवर बघितलं. अर्धा तास मिळंल का?" आपण १९८७ मध्ये जाफन्याला होतो, हे त्यांनी त्यानंतर, जणू अर्जाला कागद जोडावा तसे सांगितले.

१९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेचे हे स्मारक कोलंबोला लागून असलेल्या श्री जयवर्धनपुर कोट्टे येथे, संसदेपासून जवळ आहे. ते श्रीलंका सरकारने बांधले आहे, हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत ते नव्हते. खरेदीच्या वेळेतून चाळीस मिनिटे कापून घेतल्याचे मी सकाळी बसमध्ये जाहीर केले, तेव्हा मागच्या रांगेतून "आम्ही पैसे कशाचे भरलेत?" असा प्रश्न आला, आणि तो चुकीचा होता असे मला आजही म्हणता येणार नाही.

आमचा स्थानिक गाईड सिंहली, बेटाच्या दक्षिण टोकाजवळच्या मातरा गावचा. कुठे जायचे आहे हे कळल्यावर तो बराच वेळ गप्प बसला आणि केगल्ले मागे पडल्यावर त्याने माझ्याकडे माइक मागितला. तो इंग्रजीत बोलणार आणि मी मराठीत सांगणार, अशी आमची नेहमीची पद्धत होती. तो म्हणाला, "या बसमध्ये सर्वांना वाटते की तुमचे सैन्य आमच्या मदतीला आले होते. ते कसे आले, हे तरी आधी ऐका."

त्यावर पुढच्या आसनावरच्या, नागपूरच्या एका महाविद्यालयातून राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईंनी लगेच हात वर केला. त्यांचे म्हणणे नेमके होते. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी तिथला तमिळ-सिंहली संघर्ष मिटवण्याच्या करारावर सह्या केल्या, आणि त्या कराराप्रमाणे यजमान सरकारच्या विनंतीवरूनच सैन्य गेले; तेव्हा याला आक्रमण म्हणता येत नाही. शिवाय १९८३ च्या जुलैमधील तमिळविरोधी दंगलींनंतर निर्वासितांचे लोंढे तमिळनाडूत येत होते, आणि शेजारच्या घराला लागलेली आग आपल्या छपरापर्यंत पोहोचली असता घागर घेऊन धावणाऱ्याला कोणी दरोडेखोर म्हणत नाही.

गाईडने हे शांतपणे ऐकून घेतले. "संमती कोणाची?" त्याने विचारले. "सही झाली त्या दिवशी कोलंबोत संचारबंदी होती. आमचे स्वतःचे पंतप्रधान प्रेमदास त्या समारंभाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मानवंदना देणाऱ्या रांगेतल्या आमच्या एका नौसैनिकाने तुमच्या पंतप्रधानांवर बंदुकीचा दस्ता उगारला. आणि त्याआधी आठ आठवडे, ४ जूनला, तुमची पाच मालवाहू विमाने मिराज लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात परवानगीशिवाय आमच्या हद्दीत शिरून जाफन्यावर धान्य टाकून गेली होती. आम्ही त्याला 'परिप्पू' म्हणतो, म्हणजे डाळ. आधी भिंतीवरून आत डाळ टाकायची आणि मग दारावर येऊन सही मागायची. अशी सही झाली तर ती संमती का?"

बसमध्ये काही जण हसले. मला मात्र त्याच्या बोलण्यातली 'आम्ही' आणि 'तुम्ही' ही सर्वनामे मराठीत आणताना अवघड वाटू लागले होते, कारण मी ती जितकी मऊ करत होतो तितका त्याचा मुद्दा बोथट होत होता.

प्राध्यापिका बाईंनी १९७१ चा दाखला दिला. त्या वेळी सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते, डिसेंबरमध्ये तेरा दिवसांत युद्ध संपले आणि मार्च १९७२ मध्ये आपले सैन्य बांगलादेशातून परतही आले. हस्तक्षेप न्याय्य असू शकतो याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता? इथे मी दुभाष्याची मर्यादा ओलांडून मध्ये बोललो. ढाक्यात कोणासाठी लढायचे आणि कोणाविरुद्ध लढायचे, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. जाफन्यात ते ठरलेलेच नव्हते. करार दोन सरकारांमध्ये झाला आणि शस्त्रे मात्र तिसऱ्याने, म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या लिट्टे या संघटनेने, खाली ठेवायची होती. त्या तिसऱ्याची करारावर सही नव्हती. ज्या तमिळ गटांच्या मुलांना आपल्याच यंत्रणांनी आपल्याच भूमीवर शस्त्रे चालवायला शिकवली, त्यांच्याकडून ती काढून घेण्याचे काम आपल्याच जवानांच्या गळ्यात पडले. जाण्याचा हक्क होता की नव्हता यावर पुष्कळ वाद घालता येतो. पण जाणारा कशासाठी जातो हे त्यालाच नीट सांगता येत नसेल, तर हक्काचा प्रश्न माझ्या लेखी दुय्यम ठरतो.

सुभेदारसाहेब इतका वेळ खिडकीबाहेर बघत होते. "आमाला सांगितलं शांतता राखायची," ते म्हणाले. "जाफन्याजवळ पलालीच्या विमानतळावर उतरलो तवा लोकांनी हार घातलं. मी स्वतः गळ्यात हार घालून ट्रकात बसलोय. दोन महिन्यांत त्याच रस्त्याला सुरुंग." ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून जवान उतरवले गेले तेव्हा लिट्टेचे लोक वाट बघतच बसले होते आणि शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जणांपैकी एकोणतीस तिथेच पडले, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितले. मग माझ्या हातातल्या फोनकडे बोट करून म्हणाले, "आसला नकाशा तवा आमच्याकडं नव्हता."

कोट्टे येथे आम्ही पोहोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. १५ ऑगस्टला भारतीय उच्चायुक्तालयाकडून वाहिलेले पुष्पचक्र अजून तिथे होते, त्यातली केशरी फुले कडांना काळी पडली होती. काळ्या दगडावर ओळींमागून ओळी कोरलेल्या, जवळपास बाराशे नावे. मेजर रामस्वामी परमेश्वरन हे नाव मी प्रवाशांना दाखवले. ते मुंबईत जन्मले आणि मुंबईतच शिकले, आणि ८ महारचे अधिकारी म्हणून लढताना २५ नोव्हेंबर १९८७ रोजी त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला; छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याच्या हातातली रायफल हिसकावून त्याला मारले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. लोकांनी फोटो काढले. सुभेदारसाहेब मात्र दुसऱ्याच एका नावापाशी थांबले होते. त्यांनी रुमालाने त्या एका ओळीवरचे पावसाचे पाणी पुसले, फक्त तेवढ्याच ओळीवरचे, आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला.

आमचा चालक तमिळ होता, मूळचा जाफन्याजवळच्या कोकुविलचा. एरवी तो बस सोडून कधी उतरत नसे. त्या दिवशी तो उतरला, थोड्या अंतरावर उभा राहिला आणि मला म्हणाला, "अय्यांना विचारा, ते ऑक्टोबरमध्ये तिथे होते का?" मी सुभेदारसाहेबांना विचारले. होते. मग तो इंग्रजीत, थांबत थांबत बोलला. त्या वेळी तो आठ वर्षांचा होता. तोफगोळे पडू लागल्यावर सारे कुटुंब हजारो लोकांसोबत नल्लूरच्या कंदस्वामी देवळात जाऊन राहिले. आजीला चालता येत नव्हते आणि घर सोडायचेही नव्हते, म्हणून ती मागे राहिली. "इंडियन आर्मीने तिला घरात मारले," तो म्हणाला.

मी सुभेदारसाहेबांकडे वळून सांगितले, "त्यांची आजी त्या लढाईत गेली."

माझ्या व्यवसायात ही चूक समजली जात नाही. हॉटेलचा मॅनेजर संतापून बोलला तरी प्रवाशापर्यंत ते सौम्य होऊनच पोहोचवायचे असते, आणि प्रवाशाची शिवी मॅनेजरपर्यंत विनंती होऊन जाते. अकरा वर्षे मी हेच करत आलो आहे. सुभेदारसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. "दादा, मला तमिळ थोडं येतं, आनी 'आर्मी' हा शब्द कळायला तमिळ बी लागत न्हाई. त्यो जसं बोलला तसं सांगा."

मी जसे होते तसे सांगितले. ते काही क्षण गप्प राहिले. आपण नव्हतो, आपली पलटण त्या भागात नव्हती, समोरून घरांच्या आडून गोळ्या येत होत्या, यांतले काहीही ते म्हणू शकले असते, आणि त्यातले काही खरेही असते. त्यांनी विचारले, "घर कोणत्या बाजूला? रेल्वेलाइनच्या अलीकडं का पलीकडं?" चालकाने हाताने हवेत रूळ काढला, रस्ता काढला, घर दाखवले. सुभेदारसाहेबांनी मान हलवली. "तिथनं आमी गेलोय," ते म्हणाले, आणि हेही मी जसेच्या तसे सांगितले.

परतीच्या रस्त्यावर माइक कोणीच मागितला नाही, पण वाद थांबलाही नाही. तो आसनाआसनांत चालू राहिला. निफाडच्या एका कांदा उत्पादकाने विचारले की इतके होऊन शेवटी मिळाले काय. गाईडने त्याला दिलेले उत्तर मी पूर्वी कधी ऐकले नव्हते. तुमचे सैन्य उत्तरेकडे गुंतले म्हणून आमचे सैन्य दक्षिणेकडे मोकळे झाले, तो म्हणाला. दक्षिणेत जनता विमुक्ती पेरमुना या पक्षाने भारतीय सैन्याच्या विरोधातच बंड उभारले होते आणि सरकारने ते चिरडले. त्यात हजारो तरुण गेले. १९८९ मध्ये त्या पक्षाने भारतीय मालावर बहिष्कार पुकारला, तेव्हा दुकानदार 'बॉम्बे कांदा' हे नाव घ्यायलाही घाबरत आणि त्याला नुसता 'मोठा कांदा' म्हणू लागले. "म्हणजे आमच्या कांद्यालाबी परत धाडलं की!" निफाडकर म्हणाले आणि बस हसली. गाईड हसला नाही. त्याच्या मोठ्या भावाला त्याच वर्षी एका रात्री घरातून नेले ते परत आणलेच नाही. नेणारे कोणाचे होते हे त्याने सांगितले नाही. ज्या पक्षाचे ते बंड होते, त्याच पक्षाचे नेते आज देशाचे राष्ट्राध्यक्ष आहेत आणि दिल्लीला जाऊन आले आहेत, एवढे त्याने जोडले.

बाकीचा हिशेब प्राध्यापिका बाईंनीच मांडला, आणि सकाळपेक्षा त्यांचा आवाज बराच खाली आला होता. जयवर्धनेंनी सैन्य बोलावले, त्यांच्यानंतर आलेल्या प्रेमदासांनी ते परत जावे म्हणून मुदत घातली आणि त्याच सैन्याशी लढण्यासाठी लिट्टेला शस्त्रे पुरवली. पुढे १९९३ मध्ये लिट्टेनेच प्रेमदासांचा बळी घेतला. त्याआधी २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी मारले गेले होते. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली, आणि मद्रासला उतरलेल्या जवानांच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. सकाळच्या आपल्या मुद्द्यावर त्या अजूनही ठाम होत्या. करार कायदेशीर होता, असे त्यांनी मला पुन्हा बजावले. मलाही तो कायदेशीरच वाटतो. मात्र त्या दिवशी बसमध्ये प्रत्येकाची मोजणी वेगळ्या तारखेपासून सुरू होत होती, बाईंची २९ जुलैपासून, गाईडची ४ जूनपासून, चालकाची ऑक्टोबरमधल्या एका दुपारपासून, आणि ज्याची सुरुवात जिथून त्याचा निकाल तिथूनच ठरत होता.

खरेदीला पन्नास मिनिटे उरली. फीडबॅक फॉर्ममध्ये दोघांनी 'सहलीत राजकारण नको' असे लिहिले, एकाने मला दहापैकी चार गुण दिले, आणि कार्यालयाने खुलासा मागवला तो मी दिला.

कटुनायके विमानतळावर चालक नेहमीप्रमाणे बॅगा उतरवत होता. सुभेदारसाहेबांची बॅग त्याने शेवटी काढली आणि ती खाली न ठेवता हातातच धरून ठेवली. ते त्याच्याशी तमिळमध्ये काहीतरी बोलले, तुटक, शब्द शोधत. चालकाने बरेच मोठे उत्तर दिले. ते त्यांना सगळे कळले की नाही हे मला समजले नाही, कारण मला तमिळ येत नाही, आणि या वेळी दोघांपैकी कोणीही माझ्याकडे वळून पाहिले नाही. मी पासपोर्ट मोजायला गेलो. अठ्ठावीस होते.