कोपरा फाडलेलं कार्ड घेऊन माणगाव ते नाशिक

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड म्हणजे मृत्यूची बातमी. अशी कार्डं वाचून लगेच नष्ट करत, म्हणून पूर्वजांच्या नोंदी शोधताना एखादं हाती लागलं तर जिवापाड जपा. त्यात मृत्यूची तिथी असते, आणि सरकारी दप्तर उघडतं ते तारखेनेच.

या शोधफेरीतलं कार्ड अर्ध्या आण्याचं, पंचम जॉर्जची छबी असलेलं, पत्ता 'ता. माणगाव, जि. कुलाबा'. छबीवरून वर्ष ठरवू नका, जुना साठा पुढेही वापरला जाई. मिती पाहा. 'कार्तिक वद्य 5, शके 1852' : शकात 78 मिळवले की नोव्हेंबर 1930. माघ-फाल्गुनाच्या मितीला मात्र 79 मिळवायचे. इथे चुकलं की आख्खा दिवस भलत्याच वर्षाच्या नोंदी चाळण्यात जातो. कुलाबा जिल्हा 1981 पासून रायगड झाला.

पत्त्यातले 'मु.' (मुक्काम) आणि 'पो.' (पोस्ट) वेगळे वाचा. शिक्क्यावर असतं ते पोस्टाचं गाव. घर मुक्कामाच्या वाडीत असू शकतं. अर्जात मुक्कामाचंच गाव लिहा.

पहिला दिवस माणगावच्या तहसील कार्यालयासाठी. अभिलेख कक्षात 'गाव नमुना 14' मागायचा, म्हणजेच कोतवाल बुक. जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात असतात. अर्जात गाव आणि वर्षं स्पष्ट हवीत. तिथीच्या पुढचे काही आठवडेही चाळा, कारण नोंद वर्दी दिल्याच्या दिवशी पडलेली असू शकते. पानं बहुधा मोडी लिपीत, म्हणून मोडी वाचणारा माणूस बरोबर हवाच. आडनाव नसेल तर वडिलांच्या नावावरून जुळवा. नोंद सापडली की लगेच प्रमाणित नकलेचा अर्ज करा. कागद फार ठिसूळ झालेत. काहीच सापडलं नाही तर कार्ड निघाल्याचा शिक्का पुन्हा पाहा. कोकणातला चाकरमानी मुंबईत वारला असेल तर नोंद महापालिकेकडे, गावात नाही.

दुसऱ्या दिवशी गावची प्राथमिक शाळा. जनरल रजिस्टरात मुलांची जन्मतारीख आणि वडिलांचं नाव मिळतं. सुट्टीत जाऊ नका.

नाशिक शेवटी. रामकुंडावर आपल्या गावाचे तीर्थोपाध्याय, म्हणजे यात्रेकरूंच्या नावांच्या वह्या ठेवणारे पुरोहित, कोण ते आधी विचारा. वह्या गाव आणि आडनावानुसार लावलेल्या असतात. पूर्वज तिथे आलेच नसतील तर पान कोरं. आले असतील तर भावांची, मुलांची नावं एकाच जागी मिळतात, कधी त्यांच्याच हस्ताक्षरात. कार्डाच्या मायन्यातलं नातं इथे कामाला येतं: 'तीर्थरूप' आईवडिलांना, 'तीर्थस्वरूप' काका-मामांसारख्या वडीलधाऱ्यांना. निघण्यापूर्वी आपल्या पिढीची नावंही त्या वहीत लिहून या.