बाराव्या होलचा उजवा काठ

गोल्फचं मैदान किती अवघड हे आकड्यांत मांडायला, म्हणजे कोर्स रेटिंगला, आम्ही चौघं जातो. सोबत अंतर मोजायची लेझर दुर्बीण, ग्रीनचा (खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचा) वेग मोजायचा स्टिंपमीटर आणि फॉर्मांचा गठ्ठा. प्रत्येक होल, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून (टीपासून) खळग्यापर्यंतचा टप्पा, दोन कल्पित खेळाडूंच्या नजरेने बघायचं असतं. पुरुषांच्या रेटिंगमध्ये स्क्रॅच, म्हणजे मुरलेला खेळाडू टीवरून २५० यार्ड मारतो आणि बोगी, म्हणजे बेताचा खेळाडू २००. दोघांचे चेंडू पडतील तिथे उभं राहून उतार, बंकर (वाळूचे खड्डे), पाणी, झाडं अशा दहा बाबींना ० ते १० गुण द्यायचे.

त्या दिवशी क्लबचे सेक्रेटरी साहेब बरोबर फिरत होते. सातव्यावर येताच छाती फुगवून म्हणाले, "हे आमचं सिग्नेचर होल. भल्याभल्यांची फे फे उडते."

उडणारच. ४३० यार्ड, दोन्हीकडे दाट झाडी, ग्रीनसमोर आडवं तळं आणि २०० यार्डांवर दोन्ही बाजूंना बंकर. मी त्यातल्या एका बंकरात उतरलो. स्क्रॅचवाल्याचा चेंडू इथून डोक्यावरून जाणार. वाळू उपसत बसणार तो बोगीवाला. आणि रेटिंगच्या हिशेबात त्याची दोन फटक्यांतली मजल ३७० यार्डांची, म्हणजे हे ग्रीन त्याला तसंही दोनात गाठता येणार नव्हतं. आधीच मेलेल्याला मारायचा प्रकार! पर्याय म्हणाल तर एकच: सरळ मारा. फॉर्मवर मात्र मोठे आकडे पटापट चढले.

बाराव्यावर साहेब गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. ३४५ यार्ड, पाणी नाही, फेअरवे, म्हणजे मधला कापलेल्या गवताचा पट्टा, ६० यार्ड रुंद. डोळे मिटून मारा. उजव्या कडेला आउट ऑफ बाउंड्सचे, म्हणजे हद्द दाखवणारे, पांढरे खुंट आणि ग्रीनच्या पुढे डाव्या हाताला एक खोल बंकर. बस्स.

मी सवयीने डावीकडे, सुरक्षित बाजूला जाऊन उभा राहिलो. समोर बंकरचा ओठ आणि पिनचा, म्हणजे खळग्यातल्या झेंड्याच्या काठीचा, फक्त वरचा अर्धा भाग. मग फेअरवे ओलांडून खुंटांपाशी गेलो, तर तेच ग्रीन लांबच लांब उलगडलं, मध्ये काहीही नाही. पावलांनी मोजलं: डावीकडून येणाऱ्या फटक्याला खोली १३ पावलं, उजवीकडून ३४. बंकरच्या पलीकडे चेंडू अलगद ठेवला. क्षणभर थबकला आणि मग मागच्या काठापर्यंत घरंगळत गेला.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवरचं सतरावं, म्हणजे रोड होल, याच युक्तीवर उभं आहे. उजवीकडे हद्दीला चिकटून धाडस केलंत तर ग्रीनकडे जायची वाट सोपी, नाहीतर डावीकडचा बंकर वाट बघतोच आहे. हे बारावं त्याचं गरीब भावंड. पण आमच्या फॉर्ममध्ये अवघडपणाला रकाने आहेत, अशा पेचाला नाही. बाराव्याची बेरीज किरकोळच भरली.

"हे जरा कडक करायचंय," साहेब म्हणाले. "डावीकडे दोन बंकर टाकले तर स्लोप वाढेल ना?"

स्लोप, म्हणजे स्क्रॅचच्या मानाने बोगीवाल्याला कोर्स किती अवघड याचा आकडा, ५५ ते १५५ मध्ये असतो, ११३ म्हणजे प्रमाण मानलेला. त्यांना तो आकडा फलकावर लावायचा होता. मी म्हटलं, "किंचित वाढेल. पण डावीकडची मोकळी जागा हेच तर आमिष आहे. ती बुजवलीत की उजवीकडे जायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही." सल्ला देणं आमचं काम नव्हे, तरी राहवलं नाही. साहेबांच्या चेहऱ्यावर विशेष काही उमटलं नाही.

मोजमाप आटोपल्यावर आम्ही तोच कोर्स खेळलो. सातव्यावर मी डोकं न चालवता पाच फटक्यांत सुटलो. बाराव्यावर सगळं ठाऊक असूनही ते पांढरे खुंट दिसले आणि हात आपोआप डावीकडे वळला. दुसरा फटका बंकरमध्ये. तिथून काढलेला चेंडू ग्रीनवरून पळत मागच्या गवतात.

चहाच्या वेळी साहेबांनी माझं कार्ड उचललं. "बाराव्यावर सहा? चेंडू हरवला की काय?"

"नाही हो," मी म्हटलं. "टीवरून फेअरवेवरच होतो."