गॅसवरची मसालेदार सफरचंदे : फोड वेगळी, रस वेगळा

ऑगस्ट

तुपात परतलेल्या, गूळ आणि खड्या मसाल्यांच्या दाट रसात घोळवलेल्या सफरचंदाच्या गरम फोडी हा या मोसमातला माझा उद्योग आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत लोणी आणि साखरेत परतलेली सफरचंदे न्याहारीला खाल्ली जातात. माझी सुरुवात त्याच पद्धतीने झाली, परंतु लोण्याच्या जागी तूप आणि साखरेच्या जागी गूळ आल्यावर पदार्थाची सगळी वागणूकच बदलते, हे लवकरच ध्यानात आले. मला हवी असलेली फोड अशी आहे की ती चमच्याने सहज तुटावी, मात्र तिची कड मोडलेली नसावी आणि रस ताटलीत पाण्यासारखा पसरू नये.

ऑगस्टमध्ये बाजारात हिमाचलची रॉयल डेलिशियस भरपूर असतात. ती खायला उत्तम, शिजवायला मध्यम. ताज्या फळाची फोड बऱ्यापैकी टिकते, परंतु आंबटपणा मुळात कमी असल्यामुळे गूळ पडताच चव सपाट होते आणि लिंबाचा आधार घ्यावा लागतो. शीतगृहात महिनोन्‌महिने राहिलेले फळ या कामाला अजिबात घेऊ नये. साठवणीत फळाचा श्वसनव्यवहार चालूच असतो आणि त्यात मॅलिक आम्ल खर्च होत जाते. शिवाय पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे पेक्टिन सैल पडल्यामुळे गर पिठूळ होतो. असे सफरचंद कढईत पडल्यावर काही मिनिटांत त्याचा लगदा होतो, आणि मग त्याला सफरचंदाचा मुरंबा म्हणून खपवण्याखेरीज गत्यंतर नसते.

हिरवे ग्रॅनी स्मिथ आंबट आणि टणक असल्यामुळे पाश्चात्त्य पाककृतींत त्याची शिफारस असते. आपल्याकडे ते बहुधा आयात केलेले आणि महाग असते. गुळाशी त्याची जोडी छान जमते, हे मान्य करावे लागेल.

सप्टेंबर

या महिन्याचा खरा लाभ म्हणजे पिवळे गोल्डन डेलिशियस. डेलिशियस जातीच्या झाडांना फळधारणेसाठी दुसऱ्या जातीचे पराग लागतात, म्हणून हिमाचलच्या बागांमध्ये लाल सफरचंदांच्या अधूनमधून गोल्डनची झाडे लावण्याची पद्धत आहे. लाल रंगाला गिऱ्हाईक जास्त, त्यामुळे हा पिवळा माल हातगाडीच्या कोपऱ्यात पडून असतो आणि भावही उतरता मिळतो. शिजवण्यासाठी मात्र तो लाल डेलिशियसपेक्षा सरस आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. फोड आकार धरून ठेवते, गर घट्ट राहतो आणि तुपात परतल्यावर त्याला मधासारखा वास येतो. फळ घेताना देठाजवळची साल सुरकुतलेली नाही, एवढे पाहून घ्यावे.

चार मध्यम फळांची साल आणि गाभा काढल्यावर साधारण ६०० ग्रॅम फोडी मिळतात. सफरचंदात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी असते, म्हणजे या फोडींबरोबर आपण अर्धा लिटर पाणीच भांड्यात घालत असतो. हे पाणी कोठे आणि केव्हा जाते, यावरच सगळे अवलंबून आहे. अरुंद पातेल्यात फोडी एकावर एक बसतात, सुटलेल्या पाण्यात उकडतात आणि परतल्याचा खमंगपणा येतच नाही. म्हणून २८ सेंटिमीटर व्यासाचे, जाड बुडाचे स्टीलचे पसरट भांडे मी कायम केले आहे. लोखंडी कढईचा मोह अनेकांना होतो. तथापि सफरचंदातील तुरट द्रव्ये आणि आम्ल यांची लोखंडाशी गाठ पडली की रस काळपट होतो आणि त्याला लोखंडाची चव लागते. कल्हई केलेले पितळी भांडे असेल तर जरूर वापरावे.

आता गुळाविषयी. वरणात चिंच-गूळ डाळ शिजल्यावरच घालायचा, दुधी हलव्यात साखर दुधी शिजल्यावरच घालायची, हे आपल्याकडे स्वयंपाक शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच ऐकावे लागते. सफरचंदालाही हाच नियम लागू पडतो. साखर पेशींतून पाणी ओढून घेते आणि गर मऊ होण्याची गती मंदावते. गुळात खनिजे असतात आणि त्यांतील कॅल्शियम पेक्टिनला आणखी आवळून धरते. सुरुवातीलाच गुळात टाकलेली फोड बाहेरून चिवट आणि आतून अर्धी कच्ची राहते. याउलट गूळ न घालता फोडी पूर्ण शिजवल्या, की त्यांच्या पाण्याचा रस आटेपर्यंत त्या विरघळून जातात. म्हणजे फोडीला लागणारा वेळ आणि रसाला लागणारा वेळ हे दोन निराळे आहेत आणि एकाच भांड्यात, एकाच वेळी ते जुळवण्याचा हट्ट सोडून द्यावा, या निर्णयाशी मी येऊन पोहोचलो आहे.

ऑक्टोबर

सध्याची पद्धत सविस्तर नोंदवतो, कारण सुधारणा करायची तर ती याच पायावर.

प्रत्येक फळ सोलून, त्याचे चार भाग करून गाभा काढावा आणि प्रत्येक भागाच्या तीन फोडी कराव्यात. फोडीची पाठ दीड सेंटिमीटरपेक्षा पातळ असू नये. फोडी झाकणाच्या भांड्यात ठेवून त्यांवर एक लिटर उकळते पाणी ओतावे आणि दहा मिनिटे झाकून ठेवावे. फोडी गार असल्यामुळे पाण्याचे तापमान झपाट्याने उतरते. माझ्या तापमापकावर ते ७० अंश सेल्सिअसच्या जवळपास येऊन थबकते. ६० ते ७० अंशांच्या टप्प्यात सफरचंदातील एक विकर (एन्झाइम) पेक्टिनची रचना अशी बदलते, की पुढे जास्त उष्णता मिळाली तरी ते सहजासहजी विरघळत नाही. हा दहा मिनिटांचा उपद्व्याप अनेकांना निरर्थक वाटेल, परंतु रॉयल डेलिशियससारखे मऊ फळ वापरायचे असेल तर तो टाळू नये. ताज्या गोल्डनसाठी टाळला तरी चालतो.

फोडी निथळून कापडावर कोरड्या कराव्यात. त्या गरम पाण्यातले दोन वाट्या पाणी घेऊन त्यात धुतलेल्या साली आणि बिया काढलेला गाभा उकळावा. ते एक वाटीपर्यंत आटले की गाळून घ्यावे. सालीत आणि गाभ्यात पेक्टिन भरपूर असते, त्यामुळे रसाला दाटपणासाठी आरारूट किंवा कॉर्नफ्लोअरची गरज उरत नाही. लाल साली असल्या तर पाण्याला फिकट गुलाबी छटाही येते.

भांड्यात दोन मोठे चमचे तूप तापवून मंद आचेवर दोन इंच दालचिनी आणि तीन लवंगा घालाव्यात. दालचिनीचे सुगंधी तेल स्निग्ध पदार्थात चांगले उतरते. पूड थेट रसात टाकली तर रस बुळबुळीत होतो, म्हणून अखंड तुकडाच बरा. बाजारात दालचिनी म्हणून बहुतेक वेळा मिळते ती जाड, एकेरी वळलेली आणि तिखट कॅसिया. खऱ्या दालचिनीच्या नळीत कागदासारखे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले असतात, ती बोटांनी चुरता येते आणि तिचा वास गोडसर असतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘कोकण तेज’ ही जात या दुसऱ्या प्रकारातली आहे. सफरचंदाला मला तीच आवडते, कॅसियापुढे फळाची चव दबून जाते.

मग फोडी एका थरात मांडाव्यात आणि मध्यम आचेवर त्यांना हात न लावता एका बाजूने तांबूस होऊ द्याव्यात. उलथल्यानंतर आच कमी करून, झाकण न ठेवता, फोडीकडे नीट पाहत राहावे. कच्च्या सफरचंदात आकारमानाच्या सुमारे चतुर्थांश हवा असते, म्हणूनच ते पाण्यावर तरंगते आणि म्हणूनच त्याचा गर पांढरा व अपारदर्शक दिसतो. शिजताना ती हवा निघून जाते आणि फोड कडेकडून आत अर्धपारदर्शक, पिवळसर होत जाते. मध्यभागी ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका उरला, की फोडी ताटात काढाव्यात. घड्याळापेक्षा हा ठिपका विश्वासू आहे.

त्याच भांड्यात, मसाले तसेच ठेवून, सालींचे पाणी, ६० ग्रॅम चिरलेला गडद गूळ आणि चिमूटभर मीठ घालून मोठ्या आचेवर आटवावे. एकतारी पाकापर्यंत जाऊ नये, कारण पेक्टिनमुळे रस निवताना आणखी दाटतो. काविलथा भांड्याच्या तळावरून ओढला असता वाट क्षणभर उघडी राहिली, की आच बंद करून फोडी परत सोडाव्यात, हलकेच घोळवाव्यात आणि दोन लहान चमचे लिंबाचा रस घालावा. उरलेला ठिपका तिथेच नाहीसा होतो.

जायफळ सर्वांत शेवटी, आणि किसून नव्हे तर सहाणेवर चमचाभर पाण्यात उगाळून. किसलेल्या जायफळाचे कण रसात काळे दिसतात आणि दाताखाली कडवट लागतात; उगाळलेली गंधासारखी पेस्ट रसात पूर्ण मिसळते आणि निम्म्या जायफळात काम भागते.

नोव्हेंबर

उपवासासाठी काहींनी सुंठ आणि वेलदोडा एवढ्यावरच हा पदार्थ करण्याचे सुचवले होते. तो चांगला होतो, परंतु लवंग नसल्याने गुळाचा उग्रपणा पुढे येतो. त्यात गूळ ४० ग्रॅमच घ्यावा. गरम फोडींवर दूध ओतू नये, आंबटपणामुळे ते फाटते. घट्ट साय किंवा गार चक्का चालतो, घावनाबरोबर तर विशेष. फ्रिजमध्ये फोडी तीन-चार दिवस चांगल्या राहतात; पुन्हा गरम करताना चमचाभर पाणी घालून झाकण ठेवावे, परतू नये.

हिमाचलमधल्या किन्नौरचा उशिराचा माल आता आला आहे. तो अधिक करकरीत असल्यामुळे गरम पाण्याची पायरी वगळून पाहायची आहे, आणि जायफळाऐवजी जायपत्री सुरुवातीलाच तुपात सोडली तर लवंग कितपत कमी करावी लागते, ते पुढच्या नोंदीत लिहीन.