कूलरमधला बर्फ

टाकीत बर्फ टाकला तर कूलरची हवा जास्त थंड येते का? एप्रिलच्या सकाळच्या शाळेत नववीच्या वर्गाने हा प्रश्न स्वतःच निवडला आणि उत्तरही देऊन टाकलं, "येतेच जी सर!"

खिडकीतला पत्र्याचा कूलर, वुडवूलच्या ताट्या, दोन किलो बर्फ, चार थर्मामीटर. थर्मामीटर आधी एकाच बादलीत पाच मिनिटं बुडवले. त्यातला एक थर्मामीटर दीड अंश जास्त दाखवत होता, तो बाद केला. ही पायरी गाळली की पुढचा तक्ताच फुकट जातो. एकाच्या फुग्याला, म्हणजे खालच्या फुगीर टोकाला, खळ काढलेलं ओलं मलमल गुंडाळून तो बाहेर सावलीत टेबलफॅनसमोर ठेवला. बाष्पीभवनाने हवा फार तर या 'ओल्या फुग्या'च्या आकड्यापर्यंत उतरते. दुसरा शेजारीच, कोरडा. तिसरा कूलरच्या तोंडापासून फूटभर लांब. जवळ नेला तर शिंतोडे बसून आकडा खोटा उतरतो. बर्फ टाकताना प्लग काढलेलाच हवा, कारण पत्र्याच्या कूलरमध्ये करंट उतरू शकतो.

बर्फ टाकून अर्ध्या तासाने, साडेआठला: बाहेर 32, ओला फुगा 21, कूलरची हवा 23. पाणी बदलून साडेदहाला, बर्फाशिवाय: बाहेर 38, ओला 22.5, हवा 25.5. अडीच अंशांचा फरक! वह्यांत निष्कर्ष लिहून झाले. मी ते खोडायला लावले नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त क्रम उलटा करायला सांगितला, आधी बिनबर्फाचं.

बर्फाची हवा दोन अंशांनी गरम निघाली.

वर्ग बराच वेळ गप्प होता. मग एका मुलीने तक्त्यातल्या 'बाहेर'च्या रकान्यावर बोट ठेवलं. "सर, मधात ऊन वाढलं ना."

नुसता हवेचा आकडा म्हणून पुरत नाही. बाहेरची हवा आणि ओला फुगा यांत जेवढं अंतर, त्यातलं कूलरने किती कापलं ते बघायचं. पहिल्या दिवशी बर्फासह 11 पैकी 9, म्हणजे 82 टक्के. बर्फाशिवाय 15.5 पैकी 12.5, म्हणजे 81. आमच्या थर्मामीटरांना एवढा फरक कळतच नाही.

मग बर्फ गेला कुठे? पुन्हा टाकून दर दोन मिनिटांनी नोंद घेतली. पहिली दहाएक मिनिटं हवा जेमतेम एक अंश खाली, अर्ध्या तासात फरक संपला. एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता घेतो. दोन किलो वितळून टाकीतल्या पाण्याइतके कोमट होईपर्यंत साधारण 850. एक लिटर पाण्याची वाफ होताना मात्र सुमारे 2,430 लागतात. मापाच्या जगने टाकी पुन्हा खुणेपर्यंत भरून पाहिली, तर तासाला सात लिटर पाणी उडत होतं. म्हणजे दोन किलो बर्फाचं काम कूलर एरवीच तीन मिनिटांत उरकतो.

पावसाळ्यात बाहेर 32 आणि ओला फुगा 27 असला तर? अंतर पाचच अंशांचं, त्यातले चार कापले जातील, हवा 28 ची येईल, असं मुलांनी फळ्यावर मांडलं. जुलैत ते मोजून बघायचंय. तोवर ताट्या कुणी बदलू नयेत, अशी चिठ्ठी त्यांनी कूलरला चिकटवून ठेवली आहे.