दोन रेषांचा खडा

तपासणीसाठी आलेल्या पुडीवर 'स्पिनेल, ३७ नग' असे लिहिलेले होते (स्पिनेल हे अनेक रंगांत मिळणारे एक रत्न) आणि पहिल्या फेरीअखेर मीही ते सगळे स्पिनेलच ठरवले होते. खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो, म्हणजे त्याचा अपवर्तनांक, मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर प्रत्येक खड्याची सावली १.७२ च्या आसपास पडत होती. रत्नपरीक्षेत इतकी वर्षे काढल्यावर हा आकडा दिसला की हात आपोआप 'स्पिनेल' लिहून मोकळा होतो. तसाच तो त्या दिवशीही झाला.

अडले ते वजनापाशी. माझ्या नोंदींची बेरीज पुडीच्या एकूण वजनापेक्षा ०.७२ कॅरटने जास्त भरत होती, त्यामुळे सगळे खडे पुन्हा तराजूवर घालावे लागले. एकोणिसाव्या खड्याचे १.०८ कॅरट मी १.८० असे उतरवून ठेवले होते. चूक सापडली, पण खडा बाहेर काढलेलाच होता आणि त्याच्या कडेचा बारीक टवका नोंदवायचा राहिला होता, म्हणून तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. वांग्याच्या फुलाचा रंग भरपूर पाण्यात विरघळवावा तसा फिकट जांभळा, लंबगोल खडा होता. टवका पाहून झाल्यावर नजर सहज खोल गेली, तर तळाकडच्या पैलूंच्या कडा दोन-दोन दिसत होत्या. आधी वाटले की फोकस हलला असावा. तो नीट केला, तरी रेषा दोनच. चिमट्यात खडा जरा वळवला तेव्हा त्या एक झाल्या आणि आणखी वळवताच पुन्हा फाकल्या. फोकसचा दोष असा खड्याबरोबर फिरत नाही.

स्पिनेल घनाकृती स्फटिकवर्गातले असल्यामुळे त्यात प्रकाशकिरण दुभंगत नाही, म्हणून त्याच्या आत पाहिलेली रेघ एकच दिसली पाहिजे. पोलरिस्कोपमध्ये, म्हणजे एकाच दिशेने कंपणारा प्रकाश सोडणाऱ्या दोन आडव्या-उभ्या ध्रुवण-गाळण्यांमध्ये, ठेवून फिरवले तर स्पिनेल काळेच राहते. फार तर अंतर्गत ताणामुळे त्यात धूसर लाटा उमटतात. माझा खडा मात्र एका पूर्ण फेऱ्यात चार वेळा उजळला आणि चार वेळा विझला. त्यानंतर मी रिफ्रॅक्टोमीटरच्या भिंगावर ध्रुवण-गाळणी बसवली आणि ती सावकाश फिरवत राहिले. मघाशी एकच वाटलेली सावली आता अगदी थोडी वरखाली सरकत होती, १.७१९ आणि १.७२३ यांच्या दरम्यान. एवढ्या ०.००४ च्या फरकाने स्पिनेल बाद झाले आणि टाफाइट या दुर्मीळ रत्नाचे नाव पुढे आले. पाण्यात तोलून घनताही काढली, ती ३.६० आली, पण स्पिनेल आणि टाफाइट यांच्या घनता इतक्या जवळ आहेत की एवढ्याशा खड्यावर त्या आकड्याचा निवाड्याला काही उपयोग नव्हता. ती मी केवळ सवयीने काढली.

या रत्नाचा शोधही असाच लागला होता. रिचर्ड टाफ या रत्नपरीक्षकाने १९४५ मध्ये डब्लिन येथे जुन्या दागिन्यांतले सुटे खडे निवडताना एका फिकट जांभळ्या 'स्पिनेल'मध्ये हीच दुहेरी प्रतिमा पाहिली आणि तो १.४१९ कॅरटचा खडा लंडनला रत्नतज्ज्ञ बी. डब्ल्यू. अँडरसन यांच्याकडे पाठवला. त्यात बेरिलियम आणि मॅग्नेशियम हे दोन्ही अविभाज्य घटक म्हणून निघाले, आणि असे खनिज तोवर कोणाला ठाऊकच नव्हते. एरवी आधी खनिज सापडते आणि मग त्याला पैलू पडतात. इथे पैलू पाडलेल्या खड्यातून खनिजाची ओळख झाली. श्रीलंकेच्या रत्नगर्भ वाळूत, म्यानमारमध्ये आणि टांझानियातील तुंदुरू भागात ते मिळते, पण स्पिनेलच्या गर्दीत क्वचितच.

मालकांना फोन केला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे तो खोटा आहे का हो, मॅडम?"

"खोटा नाही. तुम्ही लिहिलाय तो नाही, एवढंच."

अंगठीत बसवता येईल का, असेही त्यांनी विचारले. कठिणता ८ ते ८.५ असल्याने येईल, असे मी सांगितले. खरे म्हणजे नुसत्या दिसण्यावर या खड्याची बाजू फारशी भक्कम नाही: रंग सौम्य असतो, हिऱ्यासारखी सप्तरंगी ठिणगी उडत नाही आणि अंगठीत बसवल्यावर त्याला स्पिनेलपासून वेगळे ओळखणारा माणूस विरळा. संग्राहक त्याच्या मागे लागतात ते बहुधा याचसाठी. त्याचे वेगळेपण भिंग आणि गाळणी घेऊन बसणाऱ्यालाच दिसते आणि तो आनंद डबीतल्या खड्यानेही पुरेपूर मिळतो. मी स्वतः त्या संध्याकाळी काम संपल्यावरही तो तीनदा वळवून पाहिला.

प्रमाणपत्र मात्र लगेच दिले नाही. मस्ग्रेव्हाइट नावाचे त्याचे सख्खे भावंड याहूनही दुर्मीळ आहे आणि दोघांचे अपवर्तनांक एकमेकांत मिसळतात, त्यामुळे खडा रामन वर्णपटासाठी, म्हणजे लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून खनिज ओळखणाऱ्या चाचणीसाठी, मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथून टाफाइट हेच उत्तर आले.

त्याआधी, त्याच रात्री, उरलेले ३६ खडे मी पोलरिस्कोपमध्ये एकेक करून फिरवले. सगळे काळे राहिले. मग मागच्या दोन वर्षांची नोंदवही उघडली आणि ज्या स्पिनेलपुढे १.७२ हा आकडा आहे पण पोलरिस्कोपचा रकाना मी कोरा सोडला आहे, अशा नोंदी मोजल्या. अकरा निघाल्या. ते खडे केव्हाच आपापल्या मालकांकडे परत गेले होते.