साका, करार आणि ३१ मार्च

मे महिन्यात वेंगुर्ल्याला घरी आले की पहिली संध्याकाळ शेजारच्या आबांच्या खळ्यात जाते, आणि आबा बोलण्याआधी आंबा कापतात. यंदाच्या हापूसची साल निर्दोष होती, वास घरभर पसरलेला होता, पण सुरी कोयीपाशी पोचली तेव्हा आतला बोटभर गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबूस निघाला. साका. आबांनी फळ बाजूला सारले, दुसरे हातात घेतले आणि विचारले, ‘‘तुमच्या जर्मनीत सरकार संशोधनाक खूप पैशे देता म्हणतत. मगे आमच्या साक्याचा काय ता सांग.’’

गेली सात वर्षे मी उत्तर जर्मनीतील एका बंदराच्या शहरात समुद्री शेवाळांवर काम करते, त्यामुळे साक्याशी माझा संबंध ताटापुरताच आहे. तरीही प्रश्न योग्य होता, आणि त्याचे निम्मे उत्तर आमच्याच गावात होते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात १९८१ मध्ये दिली, आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये ‘सिंधू’ दिली, जिची कोय नावापुरतीच असते. दोन्हींत साका होत नाही. बाजाराला मात्र हापूसच हवा असतो, म्हणून आबांच्या परसात रत्नाची दोन कलमे घरच्यांसाठी आहेत आणि पेटी भरली जाते ती हापूसची.

मला त्या दोन सालांपेक्षा त्यांच्यामागचा काळ महत्त्वाचा वाटतो. मोहोरातल्या इवल्याशा फुलाचे पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, वर पिशवी बांधायची; अशा शेकडो फुलांमागे हाती लागणारी फळे मोजकी, आणि त्यांच्या कोयीतून उगवलेल्या रोपाला पहिला मोहोर येईपर्यंत सहा-सात वर्षे सहज जातात. मग कलमे बांधून आणखी कित्येक हंगाम पाहायचे. एवढा काळ त्या झाडाजवळ कुणीतरी राहावे लागते, आणि त्या कुणाच्या तरी हाती थोडे पण वेळेवरचे पैसे असावे लागतात.

जर्मनीने यांतली दुसरी गोष्ट बऱ्यापैकी साधली आहे. मॅक्स प्लांक, हेल्महोल्त्स, लाइबनिट्स आणि फ्राउनहोफर या मोठ्या संशोधन संस्था तसेच डीएफजी ही निधी देणारी संस्था यांच्याशी केंद्र आणि राज्य सरकारांचा एक करार आहे, आणि त्यानुसार २०२१ ते २०३० अशी सलग दहा वर्षे त्यांचा निधी दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढतो. सरकार बदलले तरी आकडा ठरलेला असल्यामुळे संचालक पुढच्या पाच वर्षांचा विचार करू शकतो. डीएफजीमध्ये प्रस्तावांची छाननी करणारी मंडळे दर चार वर्षांनी संशोधकच मतदानाने निवडतात. मी स्वतः एकदा मत दिले, तेव्हा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची आठवण आली होती, फक्त जेवणावळी नव्हत्या.

माणसाच्या बाबतीत मात्र याच देशाने घड्याळ लावून ठेवले आहे. २००७ मध्ये विज्ञान क्षेत्रातील मुदतबंद करारांसाठी वेगळा कायदा झाला. त्यानुसार डॉक्टरेटच्या आधी सहा वर्षे आणि नंतर सहा वर्षे, वैद्यकशास्त्रात नंतरची नऊ, एवढाच काळ विद्यापीठ तुम्हाला अशा करारावर ठेवू शकते. मूल झाले की प्रत्येक मुलामागे दोन वर्षे वाढवून मिळू शकतात. बाहेरच्या प्रकल्पाच्या पैशावर नेमणूक असेल तर मुदत त्याही पुढे जाते, परंतु पद कायम होत नाही. शिक्षण मंत्रालयाने २०१८ मध्ये ‘हाना’ नावाच्या काल्पनिक संशोधिकेची एक चित्रफीत काढली होती. एका पिढीने सगळ्या जागा अडवून व्यवस्था तुंबवू नये म्हणून हे करार असतात, असे तीत समजावले होते. २०२१ मध्ये ती पुन्हा लोकांच्या नजरेस आली आणि हजारो संशोधकांनी ‘मी हाना आहे’ असे लिहून स्वतःच्या करारांच्या तारखा मांडल्या. मार्च २०२३ मध्ये मंत्रालयाने डॉक्टरेटनंतरची मुदत सहावरून तीन वर्षांवर आणण्याचा प्रस्ताव दिला, तो दोन-तीन दिवसांतच मागे घ्यावा लागला. मग डॉक्टरेटनंतर चार वर्षे आणि पुढे कायम पदाच्या हमीसह दोन वर्षे, असा मसुदा मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजूर केला. नोव्हेंबरात आघाडी सरकारच कोसळले आणि मसुदा संसदेत अडकून राहिला.

आबांना मी हे सोप्या भाषेत सांगितले, की तिथे नियमाने कोय लावणारा माणूस पहिला मोहोर पाहायला उरेलच असे नाही. आबा हसले. ‘‘म्हणजे कलमाक पाणी आसा, पण गडी दर वर्साक नवो.’’

आपल्याकडे चित्र उलटे आहे. ज्याला कायम पद मिळाले तो तीस वर्षे त्याच केंद्रात राहू शकतो (पदे रिकामी ठेवण्याची सवय सोडली तर), मात्र त्याच्या हाती पैसा कधी पडेल याचा भरवसा नसतो. मी पदव्युत्तर शिक्षण घेतले त्या ठिकाणी स्पेक्ट्रोफोटोमीटर या प्रकाश मोजणाऱ्या उपकरणाचा दिवा गेला होता. वस्तू तळहातावर मावेल एवढी; पण तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता आणि सह्या यांत पाच महिने गेले, आणि दिवा आला तो मार्चअखेर. उरलेला निधी ३१ मार्चपूर्वी खर्ची पडला नाही तर परत जाणार, म्हणून त्याच आठवड्यात कुणालाही नको असलेली दोन कपाटे मात्र झटपट आली.

गेल्या काही वर्षांत दिल्लीत मोठे बदल झाले आहेत. २००८ च्या कायद्याने उभे राहिलेले विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ जाऊन २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आले, आणि पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याचे ठरले. यातले सरकारचे १४,००० कोटी. बाकीचे प्रामुख्याने उद्योग आणि इतर बिगरसरकारी मार्गांनी यायचे आहेत. जो देश संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो (जर्मनी सुमारे ३ टक्के करते) आणि ज्याच्या खासगी उद्योगांचा त्यातला वाटाही तोकडा आहे, तिथे हा हिशेब मला कागदावरच अधिक शोभून दिसतो. जुलै २०२५ मध्ये खासगी क्षेत्रातील संशोधनासाठी १ लाख कोटींच्या निधीलाही मंजुरी मिळाली. तो मुख्यतः दीर्घ मुदतीच्या, स्वस्त कर्जांच्या रूपाने जायचा आहे. आंब्याच्या संकराला कर्ज काढून कोण बसणार, हा आबांचा प्रश्न नसून माझा आहे.

या घोषणांच्या मानाने जून २०२५ चा एक बदल वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांत राहिला. वैज्ञानिक संस्थांना दरपत्रकांशिवाय थेट खरेदी करण्याची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर गेली, खरेदी समितीची १० लाखांवरून २५ लाखांवर, आणि संस्थाप्रमुखांना जेम या सरकारी संकेतस्थळाबाहेरून उपकरणे घेण्याची मुभा मिळाली. ज्याने दिव्यासाठी पाच महिने वाट पाहिली आहे, त्याला ५०,००० कोटींपेक्षा हे परिपत्रक मोठे वाटेल.

दुसऱ्या दिवशी मी ते परिपत्रक एका जुन्या मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवले. ती देशातल्याच एका संस्थेत पीएच.डी. करते. तिला ते माहीत होते. लागणारे रसायन या वेळी नऊ दिवसांत आले, असे ती म्हणाली. शिष्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० झाली आहे, याचेही तिला समाधान आहे. यंदाची जानेवारीपासूनची रक्कम तेवढी जमा व्हायची आहे, आणि घरमालकाला ती दर महिन्याला नवे कारण सांगते. तिने माझी चौकशी केली, तेव्हा मी माझ्या कराराची शेवटची तारीख सांगितली. तीही ३१ मार्चच आहे.