एका महिन्यात दोनदा २ तारीख

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, मी बनवत असलेल्या कॅलेंडर अ‍ॅपचा महिन्याचा तक्ता झाला, आता फक्त रंगरंगोटी उरली. शब्द मागे घेतो. टाइमझोन न्यूयॉर्कचा लावून नोव्हेंबर २०२५ उघडला, तर १, २, २, ३, ४... आणि महिना २९ लाच संपलेला. ३० तारीख गायब!

कारण शोधायला वेळ लागला नाही, लाज मात्र बरीच वाटली. पुढच्या दिवसाची चौकट काढताना मी आधीच्या चौकटीच्या सुरुवातीत सरळ २४ तास मिळवत होतो. उन्हाळी वेळ (उन्हाळ्यापुरती घड्याळं पुढे ठेवण्याची पद्धत) संपल्याने २ नोव्हेंबरला तिथली घड्याळं तासभर मागे गेली, म्हणजे तो दिवस २५ तासांचा. त्याच्या मध्यरात्रीत २४ तास मिळवले की आपण त्याच रात्री ११ वाजता पोचतो, तारीख अजून २च. तिथून पुढच्या सगळ्या चौकटी रात्री अकराला सुरू.

गंमत म्हणजे हा घोळ मार्चमध्येही होता, नजरेला येत नव्हता इतकंच. ९ मार्चला घड्याळं तासभर पुढे गेली, तो दिवस २३ तासांचा, त्यामुळे १० तारखेपासून चौकटी रात्री १ वाजता सुरू होत होत्या. आकडे बरोबर, म्हणून मी खूश. रात्री साडेबाराच्या कार्यक्रमाची नोंद गुपचूप आदल्या दिवसात जाऊन बसायची.

दुरुस्ती सोपी: आधी नुसती तारीख एकने वाढवायची, मग त्या तारखेची मध्यरात्र यूटीसीत (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत) न्यायची. एवढ्यात ब्राझीलचं साओ पावलो आडवं आलं. ब्राझीलने २०१९ मध्ये उन्हाळी वेळ बंद केली, पण त्याआधी तिथे घड्याळं मध्यरात्रीच पुढे जायची. ४ नोव्हेंबर २०१८ ला बारा वाजलेच नाहीत, ११:५९ नंतर थेट १. मी वापरतो त्या पायथन भाषेतलं टाइमझोन सांभाळणारं झोनइन्फो अशा नसलेल्या वेळेला बदलाआधीचा ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) लावतं (फोल्ड नावाची खूण नेहमीसारखी ० असताना), म्हणून यूटीसीत नेऊन परत आणलं की रात्रीचा १ मिळतो. तीच त्या दिवसाची खरी सुरुवात. आयकॅलेंडर या कॅलेंडरच्या नोंदींच्या प्रमाणित स्वरूपाचा नियमही हेच सांगतो, त्यामुळे इथे मी डोकं चालवलं नाही.

वजाबाकीने मात्र फसवलं. न्यूयॉर्कमधली ९ मार्चची रात्री १ ते पहाटे ४ ही नोंद पायथनच्या हिशेबी ३ तासांची, प्रत्यक्षात २. दोन्ही वेळांचा टाइमझोन एकच असला की ते ऑफसेटकडे बघतच नाही. आता आधी यूटीसी, मग वजाबाकी.

ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावर उन्हाळी वेळेसाठी घड्याळ अर्धाच तास सरकतं. माझ्या आठवड्याच्या तक्त्यातल्या तासाच्या ओळी तिथे अजून चुकतात. तूर्त डोळेझाक.

त्याहून मोठं काम रिमाइंडरचं. मी ते वर्षभर आधीच यूटीसीत काढून साठवत होतो. मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये उन्हाळी वेळ रद्द केली. जुना टीझेडडेटा (जगभरच्या टाइमझोनच्या नियमांचा संच) घालून मेक्सिको सिटीचं एप्रिल २०२३ मधलं सकाळी ९ चं रिमाइंडर काढलं आणि नवा डेटा घालून वाचलं, तर ते ८ ला वाजतंय. म्हणून डेटाबेसमध्ये आता स्थानिक वेळ आणि टाइमझोनचं नाव जातं, यूटीसीचा रकाना टीझेडडेटा बदलला की पुसून नव्याने भरायचा. पुसण्याचा कोड झालाय, भरण्याचा अर्धा.